पुतळाईची कपार

हीच ती पुतळाईची कपार. तोंडाशी हे दोन दगड ठेवलेत, त्यांना खुशाल हात लावा, पण काळ्याला जपून. मागच्या वेळी एक साहेब फोटोच्या नादात बोट कापून बसले. दुसरा करडा, ओबडधोबड, त्याला कोणी विचारत नाही. दोन्ही याच टेकडीच्या चुनखडीतले, दोन्ही लोखंडाला दाद न देणारे. काळा फुटला की पात्यासारखी कपची निघते, पण तिची धार लगेच झडते. करड्याला धार धड येत नाही, मात्र कितीही आपटा, तो फुटायचा नाही.

फार जुनी गोष्ट सांगतात. आमच्या चुनखेडात तेव्हा घरोघरी चुन्याच्या भट्ट्या. बाया या टेकडीत बीळ पाडून खडी काढायच्या आणि छताला आधार म्हणून मधे एक खांब न खोदता सोडायच्या. पुतळाई आणि तिची सून गिरजा रोज सोबत यायच्या, पण चार महिने दोघींचा अबोला होता म्हणे. कशावरून, ते कोणालाच माहीत नाही. अशा भांडणांचं कारण कधी लक्षात राहतं का बाप्पा!

एके दिवशी गिरजानं त्या खांबालाच पहार लावली. नवीन होती, तिला काय ठाऊक! पुतळाईनं पाहिलं. पण आपण का आधी बोलावं, म्हणून गप्प बसली. आणि छत खाली आलं.

बिळाचं तोंड बुजलं. पहार ढिगाऱ्याखाली गेली. काळोखात श्वास घेतला तरी तोंडात चुनाच जात होता. गिरजा रडायला लागली, तेव्हा पुतळाई बोलली, "मी पाहत होते ग. तोंडातून शब्द काढला नाही. माझंच पाप."

गिरजा काय म्हणाली ते कोणी सांगत नाही. तिनं चाचपडत एक काळा दगड उचलला आणि एक करडा सासूच्या हातात दिला. काळ्याची धार खडीला टेकवायची, वरून करड्यानं ठोकायचं. काळे दगड एकामागून एक झडले, दोघींच्या हातांची सालटी निघाली. करडा मात्र तो एकच पुरला. शेवटी उजेड दिसला आणि एखादी सडपातळ बाई निघेल एवढं भोक पडलं.

पुतळाई अंगानं भरलेली. ती म्हणाली, "तू नीघ. मी ठोकत राहते. ठोका ऐकू येतो तोवर मी आहे समज."

गिरजानं बाहेर येऊन भट्टीवरची माणसं बोलावली. काळ्या दगडानं तीनदा ठोकलं, आतून तीन ठोके आले. माणसं उकरत होती, ही ठोकत होती, आतून उत्तर येत होतं. मग टेकडी पुन्हा बसली. गिरजानं ठोकलं. काहीच आलं नाही. दिवेलागणीपर्यंत ती ठोकत राहिली, असं सांगतात.

आजही चुनखेडात नवी सून आली की सासू तिला इथं आणते. सासू करडा दगड घेऊन कपारीत शिरते, सून बाहेरून काळ्यानं तीनदा ठोकते. आतून उत्तर आल्याशिवाय सुनेनं हलायचं नाही. माझ्या सासूनं गंमत म्हणून मला जरा ताटकळत ठेवलं होतं. एवढासा वेळ असेल, पण मी पुन्हा पुन्हा ठोकत सुटले होते. गेल्या वैशाखात माझी सून बाहेर उभी होती. तिचा तिसरा ठोका पडायच्या आधीच मी आतून ठोकलं.