येसूच्या डोक्यावरच्या अक्षता

मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नात मानसशास्त्राचा कुठला पेपर कुठल्या वर्षी घ्यायचा म्हणून डोकं धरून बसली आणि गोष्ट सांगेपर्यंत सुनेनं माझा चहा अडवला. म्हणून सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

सोनगिरीच्या वज्रसेन राजानं मनाच्या विद्येची पाठशाळा काढली. स्मृती, स्वप्न, भय, राग आणि संयम असे विषय. विषय पुरा झाला की त्याच्या गुरूनं शिष्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या. सगळ्यांच्या पडल्या की पदवी. ऐकायला सोपं. पण रागाचे गुरू त्र्यंबकशास्त्री म्हणाले, ज्याच्या डोक्यावर संयमाच्या अक्षता नाहीत त्याला मी माझ्या देणार नाही, तो गावभर मारामाऱ्या करेल. संयमाचे अनंताचार्य म्हणाले, ज्याच्या डोक्यावर रागाच्या नाहीत त्याला मी देणार नाही, त्यानं आवरायचं तरी काय? राजाला दोघांचंही पटलं! त्यानं दोन्ही नियम दगडात कोरून दारात बसवले. तेव्हापासून पोरं शिकून शिकून बाप्ये झाली, पदवी एकालाही नाही.

त्यात तांबटाची येसू अडकली. तिला आत्यानं वाढवलेलं. ती आत्या विहिरीतल्या बेडकांशी गप्पा मारते म्हणून शिपायांनी तिला राजाच्या वेड्यांच्या घरात नेऊन कोंडली होती. तिथून माणूस सोडवायचं तर पदवीवाल्याची हमी लागे. येसू शिकायला आली ती त्यासाठीच. सगळे विषय तिनं घोटून काढले, पण राग आणि संयम एकमेकांच्या दारात अडून बसलेले.

ती थेट दरबारात गेली. राजानं साफ सांगितलं की दगडावरचं अक्षर तो पुसणार नाही. दोन्ही नियम पाळून पदवी मिळवून दाखव. एक जरी मोडलास, तर आत्याच्या शेजारची खोली तुझी.

येसूनं विचारलं, "महाराज, तुमचं लग्न झालंय ना?"

जाळीमागे राणी खाकरली.

"झालंय. का?"

"बायको असल्याशिवाय कुणी नवरा होत नाही. नवरा असल्याशिवाय कुणी बायको होत नाही. मग मांडवात आधी कोण झालं? तुम्ही नवरा, की राणीसाहेब बायको?"

"आधी कसलं, पोरी? अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, दोघंही एकदमच झालो."

"मग मलाही एक अंतरपाट द्या."

राजा बघतच राहिला. राणीला मात्र कळलं; तिनं आपला शालू पाठवला. येसू पाटावर बसली. शालूपलीकडे दोन्ही गुरू मुठीत अक्षता घेऊन उभे केले. दोघांनाही धास्ती, की आपल्या आधी पडल्या तर आपलाच नियम मोडेल. त्यावरून जुंपली, आणि आधी कोण भडकलं म्हणता? संयमाचे आचार्य! शेवटी दरबारातल्या भटजींनी मंगलाष्टक म्हटलं, 'सावधान' झालं, शालू दूर झाला आणि दोन्ही मुठी एकदम उघडल्या.

येसू केसांतले तांदूळ तसेच ठेवून उठली. "रागाच्या पडल्या तेव्हा संयमाच्या डोक्यावर होत्या. संयमाच्या पडल्या तेव्हा रागाच्या होत्या. सांगा महाराज, कुठला नियम मोडला?"

राजानं शास्त्रींकडे पाहिलं, शास्त्रींनी आचार्यांकडे, आचार्यांनी छताकडे. मग राजा असा हसला की पगडी मांडीवर आली. त्यानं पदवी दिली, आत्याला आणायला पालखी धाडली, आणि म्हणाला, "उद्यापासून कुठला विषय कधी शिकवायचा ते तूच ठरव. तो दगड काढू का?"

"राहू दे, महाराज. फक्त त्याच्याशेजारी एक पाट आणि एक शालू ठेवा."

झाली गोष्ट. मला ती सांगणारा कोण? जो माझ्या सदऱ्याची बाही आखूड शिवून वर माझाच हात लांब आहे म्हणाला, आणि ज्यानं अजून माफी मागितलेली नाही, तो तुळशीराम शिंपी.