सोफ्यावरचं प्लास्टिक

जुन्या साडीच्या पिशव्या शिवणाऱ्या काटकसरी कुमुदताईंनी काश्मीरच्या महागड्या सहलीचं ठरवलं आणि सोसायटीभर बोभाटा झाला. अध्यक्ष घारपुऱ्यांनी त्यांना आणि त्यांचे यजमान वामनराव यांना घरी बोलावून फैलावर घेतलं.

"बर्फ वितळणार, पैसेही वितळणार! मागे काय उरणार? हा आमचा सोफा बघा. इतकी वर्षं झाली, अजून नवाकोरा!"

वामनरावांनी मान डोलावली. कुमुदताईंना वाटलं, गेली आपली सहल!

त्यांनी सोफ्यावरचं प्लास्टिक चाचपलं आणि हसून विचारलं, "भाऊ, खरं सांगा, या सोफ्यावर एकदा तरी बसलात का? बसताय ते प्लास्टिकवर!"

घारपुऱ्यांच्या बायकोनं उठून प्लास्टिक टराटरा ओढून काढलं.

"चल गं," वामनराव म्हणाले, "स्वेटरांना ऊन दाखवायला हवं."