एकही तक्रार नाही

१४ डिसेंबर, शनिवार. नाशिक. कडाक्याची थंडी, दहापर्यंत धुकं.

आज गुंतवणूक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं. द्राक्षबागांना मोबाइलवर फवारणीची वेळ कळवणाऱ्या दोन कंपन्या आल्या होत्या. पैसे एकीलाच मिळणार होते.

पहिल्या कंपनीचे तन्मय रायते ऐटीत म्हणाले, "चार हजार बागायतदार, एकही तक्रार नाही!" अध्यक्ष कोठावदेसाहेब खूश झाले.

दुसऱ्या कंपनीच्या रेवती गायधनींचा फोन मात्र सारखा वाजत होता. "कालची सूचना उशिरा गेली, बागायतदार चिडलेत. पण पैसे मिळाले नाहीत तर कंपनी बंदच पडेल, साहेब."

"पडू दे! असल्या कटकटीत पैसे कोण घालणार?" कोठावदेसाहेब म्हणाले.

सदस्य मुक्ताताई धोंडगे हसल्या. स्वतः उभारलेली कंपनी विकून त्या गुंतवणूकदार झाल्या होत्या. "साहेब, माझ्याकडेही पहिलं वर्षभर तक्रार नव्हती. कुणी वापरतच नव्हतं! दोघांनीही एकेका बागायतदाराला फोन लावा. सांगा, उद्यापासून सेवा बंद."

माझं पेन थांबलं. रायत्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"कसली सेवा? बरं, करा बंद."

मग रेवतीबाईंनी लावला.

"बंद? अहो ताई, ऐन हंगामात? आत्ता येतो तुमच्या दारात!"

मतदान झालं. गायधनींच्या कंपनीला सहा मतं, रायत्यांच्या कंपनीला एक.