म्हाळोजी तांबटाचा सांधा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. पण माणसे तेव्हाही आपल्यासारखीच होती, म्हणून ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी.

दोन नद्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथल्या एका गावात म्हाळोजी नावाचा तांबट राहत होता. घागरी, हंडे, पराती, तपेली अशी सगळी भांडी त्याच्या कारखान्यात घडत. आजीने घेतलेला हंडा नात वापरी, इतके त्याचे काम पक्के होते.

कारखान्यात चार कारागीर होते. एक म्हातारा पत्रा कापायचा. दोघे भाऊ कापलेल्या पत्र्याला ठोकून आकार द्यायचे. चौथा होता राणबा. तयार भांड्यावर लहान हातोडीने एकसारखे ठोके घालायचे, म्हणजे तांबे घट्ट होते आणि उन्हात चमकते. याला तांबट लोक मठारणे म्हणतात. राणबा सोळा वर्षे फक्त मठारत होता.

पत्र्याच्या दोन कडा एकमेकींना जोडायचे, म्हणजे सांध्याचे, काम मात्र म्हाळोजी स्वतः करी, तेही मागच्या खोलीत, आतून कडी लावून. सांध्यात भरायचा पितळेचा कीस किती, तो वितळून नीट पसरावा म्हणून टाकणखार किती, जाळ कोणत्या रंगाचा झाला की भांडे बाहेर काढायचे, हे त्याच्याशिवाय गावात कुणालाच माहीत नव्हते. सांधा आला नाही तर भांडे होत नाही. म्हणून चौघांपैकी कुणीही आयुष्यात एक भांडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवलेले नव्हते.

म्हाळोजी दुष्ट नव्हता. मजुरी वेळेवर देई, आजाऱ्याची विचारपूस करी. पण त्याच्या मनात एक जुनी भीती होती. तरुणपणी तो स्वतः दुसऱ्या एका तांबटाकडे कामाला होता. त्या तांबटाने त्याला हातचे काही न राखता सगळे शिकवले. सगळे शिकून झाल्यावर म्हाळोजीने एक दिवस नमस्कार केला आणि याच गावात स्वतःचा कारखाना काढला. दोन वर्षांत त्या म्हाताऱ्याची भट्टी थंड पडली. पुढे म्हाळोजी त्याच्या घरावरून जायचे टाळू लागला. शिकलेला माणूस काय करतो, हे त्याला बाहेरून शिकावे लागले नव्हते.

राणबा पहिल्यांदा आला तेव्हा असा नव्हता. पहिल्या वर्षी तो सकाळी सगळ्यांच्या आधी येई. एकदा त्याने घरून कोळशाने एका फळीवर चित्र काढून आणले. एक घागर होती, गळ्याशी अरुंद आणि बुडाशी रुंद, म्हणजे डोक्यावर डगमगू नये.

"धनी, अशी करून बघू का?" त्याने विचारले.

म्हाळोजीने फळी पाहिली. घागर चांगली होती, हे त्याला लगेच कळले. तो म्हणाला, "तू आपले ठोके बघ. घागर कशी करायची ते मी बघतो."

राणबाने फळी पुसून टाकली. त्यानंतर त्याने कधी काही आणले नाही. तो उन्हाबरोबर येई आणि उन्हाबरोबर जाई. काम कधी चुकवले नाही, पण सांगितल्यापेक्षा एक ठोका जास्तही कधी घातला नाही. बाजारात कुणी म्हटले, "राणबा, तुझा हात एवढा चांगला. स्वतःचे काहीतरी मांड की," तर तो म्हणे, "मला ठोके येतात. भांडे कुठे येते?" हे तो कडवटपणे म्हणत नसे. पाऊस येईल किंवा येणार नाही, असे बोलावे तसे म्हणे.

अशी सोळा वर्षे गेली. मग एका वर्षी पूर्वेकडच्या मुलखात पाऊस पडलाच नाही. तिकडची माणसे गुरे सोडून, मुले कडेवर घेऊन या राज्याकडे चालत निघाली. राजाने वेशीबाहेर अन्नछत्र उघडायचे ठरवले. म्हाळोजीला निरोप आला, एका वेळी दोनशे माणसांची कांजी शिजेल अशी वीस तपेली महिन्याभरात हवीत.

म्हाळोजीने भट्टी मोठी केली. पहिल्या आठ दिवसांत सहा तपेली झाली. नवव्या दिवशी मागच्या खोलीत मूस कलंडली आणि वितळलेले पितळ त्याच्या उजव्या हातावर सांडले. वैद्याने हाताला लेप लावला, वर केळीचे पान बांधले आणि सांगितले, "हा हात तीन महिने हातोडी धरणार नाही. पुढचे पुढे."

दोघे भाऊ म्हणाले, "धनी, सांधा आम्हांला सांगा. आम्ही करतो."

"गरज नाही," म्हाळोजी म्हणाला. "डावा हात आहे मला."

त्याने पुन्हा कडी लावली आणि डाव्या हाताने पाच तपेली सांधली. सांधे नीट बसले नव्हते. ते त्यालाही दिसत होते. त्याने आतून कथलाचा जाड हात फिरवला. पाणी भरून पाहिले तर गळले नाही. त्याने स्वतःची समजूत घातली की चालेल.

ती पाच तपेली घेऊन राणबा बैलगाडीने वेशीबाहेर गेला. तिथे हजारभर माणसे रांगेत बसली होती. आचाऱ्यांनी तपेली चुलाणावर चढवली, पाणी ओतले, कण्या टाकल्या. पाण्याला उकळी फुटली, जाळ वाढला, आणि पाण्याच्या वर उघड्या राहिलेल्या सांध्यांतले कथील वितळून ओघळू लागले. कांजी फुगून तिथवर आली तसे आधी एक तपेले गळू लागले, मग दुसरे. थोड्याच वेळात पाचही तपेल्यांच्या सांध्यांतून कांजी जाळावर सांडली आणि पाचही चुली विझल्या.

रांगेतल्या कुणी आरडाओरडा केला नाही. चालून चालून त्यांच्यात तेवढे बळ उरले नव्हते. पुढे बसलेली एक बाई मांडीवरच्या लेकराला थोपटत होती. तिने राणबाला शांतपणे विचारले, "दादा, उद्या मिळेल का?"

राणबाने विझलेल्या चुलींवरच्या तपेल्यांकडे पाहिले. त्या पाचही तपेल्यांवर त्यानेच ठोके घातले होते. बाहेरून ती सुरेख दिसत होती.

तो परत आला तेव्हा म्हाळोजी बांधलेला हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसला होता. राणबा त्याच्यासमोर उभा राहिला. वेशीबाहेर काय झाले ते त्याने सगळे सांगितले. काही वाढवले नाही आणि काही लपवलेही नाही. मग म्हणाला, "धनी, मला सांधा शिकवा."

 म्हाळोजी खरे तेच बोलला. "शिकवला तर तू जाशील."

"न शिकवताही मी गेलेलोच आहे, धनी," राणबा म्हणाला. "पहिल्या वर्षीच गेलो. इथे रोज येतात ते नुसते हात."

ते ऐकून म्हाळोजीला राग आला नाही. राणबा खरे बोलतो आहे, हे त्याला दिसले. सोळा वर्षे आपण हा माणूस राखला असे तो समजत होता, आणि राखले होते ते फक्त हात.

तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "चौघेही आत या."

शिकवणे त्याला सोपे गेले नाही. राणबाचा पहिला सांधा जळाला. दुसरा कच्चा राहिला. म्हाळोजीचा डावा हात दर वेळी सांडशीकडे जाई आणि तो हात आवरून घेई. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस, जाळाकडे बघ. पिवळा आहे तोवर थांब. हिरवट झाला की क्षणभरही थांबू नकोस." जाळ हिरवट झाला, राणबाने तपेले ओढून काढले आणि सांधा बसला.

दोघे भाऊही आठवड्यात सांधा शिकले. पत्रा कापणारा म्हातारा मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मला हे नको, धनी. पत्रा कापताना माझे मन रमते. डोळेही आता जाळाला भिडत नाहीत." म्हाळोजीने त्याला त्याच्या कामावर परत जाऊ दिले.

त्यानंतर कारखान्यात एक बदल झाला, तो कुणी सांगून झाला नाही. एक भाऊ म्हणाला, बूड थोडे खोलगट केले तर सांध्याला जाळ कमी लागेल. दुसऱ्याने तसे करून पाहिले. म्हाताऱ्याने त्यासाठी पत्रा वेगळा कापून दिला. राणबा सगळ्यांच्या आधी येऊ लागला. आधीची पाच तपेली त्यांनी उकलून नव्याने सांधली आणि महिना संपायच्या दोन दिवस आधी वीसही तपेली चुलाणावर चढली. ती उन्हाळाभर गळली नाहीत. पुढच्या पावसाला पूर्वेची माणसे आपापल्या गावी परतली.

गोष्ट इथे संपली असती तर म्हाळोजीला बरे वाटले असते. पण दिवाळीनंतर राणबा आला आणि पायांवर डोके ठेवून म्हणाला, "धनी, डोंगरापलीकडच्या गावात तांबट नाही. लोक चार कोस चालून भांडी आणतात. मी तिथे भट्टी घालावी म्हणतो."

 ज्याला म्हाळोजी आयुष्यभर भीत आला होता, तेच समोर हात जोडून उभे होते.

"इथे काय कमी आहे?" त्याने विचारले.

"काही नाही. आधी कमी होते तेव्हा जावेसे वाटले नाही, कारण जाऊन करायचे काय हेच कळत नव्हते. आता कळते."

"आणि मी नको म्हटले तर?"

"तर थांबेन," राणबा म्हणाला. "तुम्ही शिकवले आहे. पण मग पुन्हा नुसते हातच येतील, धनी."

म्हाळोजीला आपला जुना धनी आठवला. निरोप देताना तो अडवणारा एक शब्दही बोलला नव्हता. त्या माणसाला तेव्हा काय वाटले असेल, हे म्हाळोजीला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळले. त्याने आत जाऊन आपली चांगली सांडशी आणली आणि राणबाच्या हातात दिली. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढचे काही महिने कठीण गेले. राणबाइतके एकसारखे ठोके दोघा भावांना जमत नव्हते. गिऱ्हाईक भांडे हातात फिरवून बघे आणि काही न बोलता खाली ठेवी. म्हाळोजीचा हात बरा झाला, पण पूर्वीसारखा वळेना. लोक म्हणाले, म्हाळोजीने आपल्याच हाताने आपले घर उसवले. म्हाळोजीलाही कधी कधी तसेच वाटे.

दोघे भाऊ मात्र गेले नाहीत. म्हाळोजीने एकदा त्यांना विचारले, "तुम्हांलाही सगळे येते. तुम्ही का थांबलात?"

थोरला म्हणाला, "आम्हांला इथे करून बघायला मिळते. दुसरीकडे जाऊन आणखी काय मिळवायचे?"

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक तरुण मुलगी बापाला घेऊन तीन दिवस चालत आली. तिचा बाप कल्हईवाला होता. तिला नुसती कल्हई करायची नव्हती, भांडे घडवायचे होते. वाटेत तिने चार कारखान्यांत विचारले होते. कुणी हसले, कुणी म्हणाले, कोळसे फुंकायला ये.

"मग इथे का आलात?" म्हाळोजीने विचारले.

"डोंगरापलीकडे राणबा तांबट आहेत," ती म्हणाली. "ते म्हणाले, पुरते शिकायचे असेल तर म्हाळोजीबाबांकडे जा. तिथे हातचे राखून शिकवत नाहीत."

 ज्या प्रश्नाने म्हाळोजीची झोप आयुष्यभर मोडली होती, तोच प्रश्न त्याने तिला विचारला. "शिकून झाल्यावर काय करशील? राहशील की स्वतःचे मांडशील?"

बापाने तिला कोपराने खुणावले, राहीन म्हण. पण ती म्हणाली, "ते आज कसे सांगू, म्हाळोजीबाबा? अजून मला काही येतच नाही. ज्याला काही येत नाही, त्याने ठरवायचे तरी काय?"

म्हाळोजीला हे उत्तर पटले. त्याने तिला आत नेले आणि पहिल्याच दिवशी पत्रा, हातोडी आणि जाळ, तिन्ही दाखवले.

ती त्याच्याकडे अकरा वर्षे राहिली. त्या अकरा वर्षांत आणखी सातजण आले, तिघे गेले, आणि म्हाळोजीच्या भट्टीतला जाळ एक दिवसही विझला नाही. जे राहिले ते मनाने राहिले. जे गेले त्यांनी जिथे तांबट नव्हते तिथे भट्ट्या घातल्या, आणि त्या राज्यात पाणी प्यायला चांगले भांडे नाही असे गाव उरले नाही.

बोध: न शिकवता माणसाचे हात राखता येतात, मन राखता येत नाही, ज्याला वाढू दिले जाते तोच मनापासून टिकतो, आणि निघालाच तर काहीतरी उभे करायला निघतो.