इठाक्काची मूठ

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या मोरजाईवाडीला सडकही नव्हती तेव्हा, गावात एकच पिस्तूल होतं. ते तातोबा हवालदारांचं. लढाईवरून परतताना त्यांनी ते आणलं होतं. वर्षभर ते पेटीत असायचं आणि खंडेनवमीला पाटावर बसून झेंडूचं फूल घ्यायचं.

एका वर्षी डोंगरातले लांडगे पिसाळले. त्यांनी चावलेली दोन माणसं हाल हाल होऊन गेली. हवालदारांनी पेटी उघडली खरी, पण म्हातारपणानं त्यांचे हात थरथरत होते. तांब्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी सांडायचं. मग कुणाला तरी शिकवायचं ठरलं.

गावचे पैलवान मिशीला पीळ देत आले. पण चाप ओढताना त्यांची सगळी मूठच आवळायची, नळी खाली जायची आणि गोळी पुढच्या मातीत! हवालदार कपाळावर हात मारून घ्यायचे. "आरं, बोट हलवाय सांगितलं, हात न्हवं!"

एका सकाळी गोठ्यात त्यांची सून इठाबाई, म्हणजे आपली इठाक्का, धार काढत होती. म्हैस मोठी लाथाळ, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे. इठाबाईचं मनगट जागचं हलत नव्हतं, बोटं तेवढी एकामागून एक मिटत होती. हवालदार बघतच राहिले. म्हणाले, "सूनबाई, धार झाली की भाईर ये."

हवालदार तिला शिकवू लागले. उजव्या हातानं पिस्तुलाचा दस्ता नळीच्या जितका जवळ धरता येईल तितका धरायचा, डाव्यानं त्या मुठीला कवळायचं. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर जोंधळ्याचा दाणा ठेवायचा आणि एकट्या बोटानं चाप सरळ मागं घ्यायचा. दाणा पडला की पुन्हा पहिल्यापासून. गाव हसलं. इठाबाईही एकदा वैतागली. "मामंजी, लांडगा काय माझ्यासाठी थांबणार हाय व्हय?"

"घाई डोळ्याला करू दे, पोरी. बोटाला न्हाई."

पुढं पुढं तिचा चाप इतका भराभर चालायचा की ऐकणाऱ्याला खटके मोजता यायचे नाहीत, आणि दाणा मात्र जागच्या जागी, असं म्हणतात.

सुगी आली. भर दुपारी खळ्यावर वाऱ्यात जोंधळ्याची उफणणी चालली होती, इठाबाईही त्यातच होती. तिची तीन वर्षांची पारू कडब्याच्या गंजीपाशी खेळत होती. हवालदार भरलेलं पिस्तूल मांडीवर घेऊन राखणीला बसले होते. तेवढ्यात ओढ्यातून तीन लांडगे वर आले, तोंडाला फेस आलेले, आणि थेट पारूकडं सुटले. हवालदारांनी पिस्तूल उचललं. पण हात असे थरथरले की नळीसमोर घडीत लांडगा, घडीत पारू.

"धर," एवढंच ते म्हणाले.

इठाबाईनं धरलं. तीन गोळ्या सुटल्या, पण डोंगरातून आवाज एकच परत आला, असं म्हणतात. शेवटचा लांडगा पारूपासून चार हातांवर पडला. आणि उफणणीतून उडालेला जोंधळ्याचा एक दाणा तीन बार होऊनही नळीवर तसाच बसलेला होता. खोटं वाटतं ना? आमची चुलती शपथेवर सांगायची.

हवालदार तो दाणा उचलायला गेले आणि तो त्यांच्या बोटांतून निसटला. उभ्या आयुष्यात न रडलेला माणूस चारचौघांत रडला. इठाबाईनं वाकून दाणा उचलला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटवली.

पिस्तूल पुढं सरकारजमा झालं. खळीही राहिली नाहीत. ती उफणणीची सोनेरी धूळ आठवली की अजून जीव हळहळतो. पण खंडेनवमीला वाडीतल्या घराघरांत थोरली सून रिकामे हात पुढं धरते, मुठीवर दाणा ठेवते, आणि तीनदा बोट मिटते. मग घरातला सर्वांत वडील माणूस तो दाणा उचलतो आणि मुद्दाम खाली पाडतो. सून वाकून उचलते, त्याच्या हातावर ठेवते आणि त्याची मूठ मिटवते.

गेल्या वर्षी आमच्या घरात तो वडीलकीचा मान माझ्याकडं आला. मला दाणा मुद्दाम पाडावा लागला नाही.