सोनकीच्या शेळ्यांची मोजदाद

"ज्याला आपल्या मालाचा आकडा सांगता येत नाही, तो त्याचा मालक नाही!" राजा चंडसेनाने असं फर्मान काढलं आणि डोंगरावरच्या सोनकीचा अख्खा कळप दरबारच्या कोंडवाड्यात गेला.

फर्मानामागचं डोकं दिवाण विश्वंभरपंतांचं. डोंगरच्या बोलीत एक आणि दोन एवढेच आकडे, त्यापुढे सगळं 'लई', हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःला शंभरापर्यंत मोजता येतं, याचा केवढा तो तोरा!

शेळ्या गेल्या तर सोनकीच्या घरी चूल पेटणार नव्हती. ती तडक दरबारात आली.

"किती शेळ्या तुझ्या?" राजाने विचारलं.

"लई!"

दरबार खो खो हसला. सोनकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मोजता येत नाही आणि म्हणे मालकीण!" पंत फिस्कारले.

"वळखता येत न्हाई त्यानं मोजावं! आमच्याकडं करडू जल्मलं की त्याच दिशी नाव ठेवत्यात. कोंडवाडा उघडा, दावते!"

कोंडवाडा उघडला. सोनकीने एकदाच नजर फिरवली.

"माझी चांदणी कुठाय? आन् ही म्हातारी शेळी कुणाची घुसवली?"

"खोटारडी! पन्नास आणल्या, पन्नास आहेत!" पंत ओरडले.

सोनकीने तोंडाशी हात धरून हाळी दिली, "चांदणेऽऽ!" आणि शेजारच्या पंतांच्या परसातून दावं तोडून एक दुभती शेळी धावत आली. तोंडात पंतांचं जरीचं उपरणं!

चोरी उघडी पडली, पण पंतांचा ताठा जाईना. "महाराज, एक नेली, एक ठेवली. आकडा तर जुळतो ना?"

राजाही हट्टाला पेटलेला. "खरंच की! आकडा जुळतो, मग तक्रार कसली?"

सोनकीने कमरेवर हात ठेवले. "बरं म्हाराज! उद्या कुणी राणीसायबांना उचलून न्हेलं आन् त्यांच्या जागी पंतांची सासू बसवली, तरी आकडा जुळंलच की! मग गप ऱ्हाल का?"

राजा आधी दचकला. मग पोट धरधरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याने फर्मान तिथल्या तिथे टराटरा फाडलं. सोनकीला कळप तर मिळालाच, वर डोंगरउतारावरचं कुरण कायमचं इनाम!

"आणि पंत," राजा डोळे पुसत म्हणाला, "या सगळ्या शेळ्यांची नावं तोंडपाठ होईपर्यंत त्या तुम्हीच राखायच्या. पगडी इथेच ठेवा!"