श्वास ओढून वाजवणारा तिम्मा

आपल्या आज्यांच्या आज्या परकर नेसून हुंदडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. सोनखडक गावात तिम्मा नावाचा वडार राहायचा. दगड फोडायचा, विहिरी खणायचा. दगडाची धूळ छातीत बसत गेली आणि चाळिशीच्या आतच त्याच्या हातून घण सुटला. चार पावलं टाकली की धाप लागायची. बायको नरसव्वा एकटी दगड फोडायची आणि तो सावलीला बसून राहायचा.

एकदा जत्रेत पलटणीतून परतलेला एक शिपाई आपला माउथ ऑर्गन विकत होता. नरसव्वानं तो घेतला.

"बसून बसून कुजाल तुम्ही," ती तिम्माला म्हणाली. "हा बाजा वाजवा."

तिम्मानं फुंकून पाहिलं, पण छातीत फुंकच नव्हती. त्याला खोकला आला, आणि खोकला सरल्यावर त्यानं जोरानं श्वास आत ओढला. बाजा ओठांतच होता. त्यातून असा सूर निघाला की नरसव्वाची हातोडी वरच थांबली. जात्यावरची बाई ओवीच्या शेवटी आवाज लांबवते आणि हळूच खाली वळवते, तसा तो सूर वळला होता. श्वास ओढून बाजा वाजवणारा तिम्मा या मुलखातला पहिला, असं म्हणतात.

तो वाजवायला लागला की खाणीतले घण त्याच्या तालावर पडायचे. ज्याचं कुणी गेलं असेल तो येऊन बसायचा, पोटभर रडायचा आणि हलका होऊन जायचा. पांगलेली गुरं त्या सुरानं आपसूक गोठ्यात यायची, असंही म्हणतात.

मग दोन वर्षं पाऊस पडला नाही. गावानं नवी विहीर खणायला घेतली. साठ हात खाली गेले आणि एका सकाळी कड ढासळली. तळाशी खणणारा हणमंता आणि त्याचे दोघे भाऊ दगडमातीखाली गेले. लोकांनी हाका मारल्या. खालून काहीच आलं नाही.

"दुसरी कडही सुटलीय," मुकादम म्हणाला. "उतरतील ते पण जातील. आता बुजवा."

हणमंताची आई आडवी आली, बुजवू देईना. तेवढ्यात तिम्मा नरसव्वाच्या खांद्याला धरून आला. काठावर पालथा पडला, दगडांतल्या फटीला बाजा लावला आणि श्वास ओढला. तो सूर हाकेसारखा वरच विरला नाही. पाणी झिरपावं तसा तो दगडांतून खाली झिरपत गेला, असं म्हणतात.

मग खालून आवाज आला. टक. टक. टक. कुणीतरी तालावर पहार आपटत होतं.

"जिवंत आहेत," तिम्मा म्हणाला. "खणा. मी थांबत नाही."

मुकादमच आधी दोर बांधून उतरला. सुटलेली कड त्यांनी लाकडं लावून तोलून धरली. दोन दिवस माणसं खणत होती आणि दोन दिवस तिम्मा वाजवत होता. ओठ फुटले. नरसव्वा पाठीमागे बसून त्याला धरून होती. बाजा वाजत होता तोवर त्या कडेवरून एक खडाही सुटला नाही, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी तिघेही वर आले.

हणमंतानं आधी तिम्माचे पाय धरले. "अंधारात कितीदा वाटलं, आता झोपावं," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही झोपू दिलं नाही."

तिम्मा पुढं सातच वर्षं जगला, पण रिकामा बसला नाही. जो येईल त्याला त्यानं श्वास ओढायला शिकवलं. त्यांनी इतरांना शिकवलं, आणि आज वीस गावांच्या भजनात, वरातीत, पेरणीत बाजा त्याच्याच रीतीनं वाजतो.

आणि सोनखडकात आजही विहिरीत कुणी एकट्यानं उतरत नाही. काठावर एकजण बाजा घेऊन बसतो. खाली गेलेला माणूस अधूनमधून पहारीनं टक टक करतो, आणि काठावरचा म्हणतो, "वाजवतोय रे, तिम्माबाबाचं नाव घे." तो वर येईपर्यंत बाजा थांबत नाही.